चाकाची धांव आणि टायरचें माप

बैलगाडीच्या चाकास लोहार लोखंडी धांव कशी चढवीत असे, हें ज्या पालकांनीं लहानपणीं पाहिलें असेल त्यांस आठवेल कीं, तो प्रथम चाकाचा परीघ मोजी, धांव त्याहून किंचित् तोकडी ठेवी, आणि ती विस्तवांत तापून फुगली म्हणजे चाकावर बसवून वरून पाणी ओती. माप चुकलें तर धांव सैल होऊन निसटे, किंवा अति तंग होऊन चाक मोडी. मोटारीच्या टायरला विस्तव लागत नाहीं. परंतु मापाचा धाक तोच आहे, आणि हें माप ज्यास वाचतां येतें त्याला दुकानदाराच्या शब्दावर विसंबावें लागत नाहीं.

हा विषय निघण्याचें कारण असें. माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेंत मिशिगन प्रांतीं नोकरीस आहे. त्यानें १९९२ सालची एक माझ्दा एमएक्स-५ मोटार जुनी विकत घेतली. ही दोन आसनांची, उघड्या टपाची लहानशी क्रीडामोटार जपानांत हिरोशिमा येथें तयार होते. १९८९ सालीं शिकागोच्या प्रदर्शनांत ती प्रथम दिसली, आणि २०१६ पर्यंत अशा दहा लक्ष गाड्या निघाल्या. एके दिवशीं संध्याकाळीं पावसांत वळण घेतांना त्याच्या गाडीचा मागला भाग एकाएकीं घसरला व गाडी तोंड फिरवून उलट्या दिशेस उभी राहिली. मागून कोणी येत नव्हतें म्हणून तो वांचला. टायरांच्या खांचा तर चांगल्या खोल होत्या! मग चूक कोठें? त्यानें पाठविलेल्या छायाचित्रांत टायरच्या कडेवर ‘३५११’ असे चार आंकडे दिसले. अशा चौकडींतील पहिले दोन आंकडे आठवड्याचे व पुढचे दोन सालाचे असतात. म्हणजे तें रबर २०११ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यांतलें, वयानें वाळून लांकडासारखें झालेलें. खांचा शाबूत होत्या, पण पकड गेली होती.

नवे टायर घ्यावयाचे ठरलें. परंतु येथें दुसरी अडचण उभी राहिली. गाडीचें मूळ माप १८५/६० आर १४. त्या मापांत साधे टायर मिळतात, पण उत्तम पकडीचे फार थोडे. कारण नव्या मोटारींचीं चाकें मोठीं होत गेलीं आणि कारखानदारांचें लक्ष तिकडे वळलें. तेव्हां मूळ माप सोडणें भाग होतें. दुकानदारानें सतरा इंची चाकें व त्यांवर २१५/४० आर १७ हे टायर सुचविले. “सर, दिसतात फार छान, घेऊं का?” असें त्यानें मला लिहिलें. मी मोटारींतला तज्ज्ञ नव्हे, गणिताचा शिक्षक आहें. म्हणून मीं उत्तरादाखल त्याला एक त्रैराशिक पाठविलें.

१८५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्यें. ६० म्हणजे कडेची उंची त्या रुंदीच्या शेंकडा साठ, अर्थात् १११ मिलिमीटर. ‘आर’ हें आंतील धागे अरांप्रमाणें आडवे बसविल्याची खूण, आणि १४ हा रिमचा व्यास इंचांत, म्हणजे ३५५.६ मिलिमीटर. त्यांत वरची व खालची मिळून दोन कडा मिळविल्या कीं सबंध चाकाचा व्यास ५७७.६ मिलिमीटर येतो. आतां हाच हिशेब २१५/४० आर १७ चा करावा: दोन कडा १७२, रिम ४३१.८, एकूण ६०३.८. व्यास शेंकडा साडेचार वाढला! वेगदर्शक कांटा चाकाचे फेरे मोजतो, जमीन मोजीत नाहीं. तो साठ मैल दाखवील तेव्हां गाडी जवळजवळ त्रेसष्ट मैलांनीं धांवत असेल. शिवाय गियर लांबल्यासारखे होऊन गाडीचा उठाव मंदावेल, चाक बहुधा जड होईल, आणि पुरतें वळविलें असतां किंवा खड्ड्यांत दबलें असतां टायर मडगार्डास घासण्याचा संभव वाढेल.

याउलट १९५/५० आर १५ घेतलें तर? दोन कडा १९५, रिम ३८१, बेरीज ५७६. मूळ व्यासाहून दीड मिलिमीटर कमी; हा फरक नव्या व झिजलेल्या टायरमधील फरकाहूनही लहान आहे. १९९८ सालीं निघालेल्या या मोटारीच्या दुसऱ्या पिढींत कारखान्यानेंच कांहीं गाड्यांस हेंच माप दिलें होतें. २०५/५० आर १५ चा व्यास ५८६ भरतो, शेंकडा दीडच अधिक. तोही पुष्कळजण वापरतात.

रुंदीविषयीं मात्र लोकांची, आणि प्रथम माझीही, एक गैरसमजूत होती. रुंद टायर म्हणजे जमिनीस अधिक रबर टेकणार, असें सहज वाटतें. पण गाडी व चालक मिळून एक हजार किलोग्रॅम धरले तर प्रत्येक चाकावर अडीचशें येतात. हवेचा दाब दर चौरस इंचास २६ पौंड असेल तर तेवढें ओझें पेलण्यास सुमारें १३५ चौरस सेंटिमीटर जागा पुरते. म्हणजे आपल्या पोस्टकार्डाहून किंचित् मोठी! टायर रुंद केला आणि दाब तोच ठेवला, तर ढोबळ मानानें जागा तेवढीच राहते. तिचा आकार तेवढा पालटतो, लांबट होती ती आडवी होते. वळणावर याचा लाभ होतो. परंतु सांचलेल्या पाण्यावर तोच आडवेपणा घातक ठरतो, कारण अधिक रुंद पट्ट्यांतलें पाणी बाजूस सारावें लागतें, तें न सरलें तर टायर पाण्यावर तरंगूं लागतो. ज्याची गाडी पावसांतच घसरली होती त्यानें याचा विचार आधीं करावयास नको काय?

बाकीच्या गोष्टी थोडक्यांत. मापापुढें ‘८२ व्ही’ असें कांहीं लिहिलेलें असतें. ८२ म्हणजे प्रत्येक टायरनें ४७५ किलोग्रॅम पेलावे, व व्ही म्हणजे तासास २४० किलोमीटर वेगापर्यंत टिकावें. हे मूळच्या खालीं कधीं उतरूं देऊं नयेत. १९५/५० चा टायर साडेपांच ते सात इंच रुंदीच्या रिमवरच बसतो. या गाडीस रिम चार बोल्टांची, १०० मिलिमीटर वर्तुळाची लागते. आणि ती आंत किंवा बाहेर किती सरकून बसते हें न पाहिल्यास बिनचूक व्यासाचा टायरही घासतो.

अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या टायरांवर झिजेचा एक आंकडा छापावा लागतो. तो जितका मोठा तितका टायर टिकाऊ मानावा, जितका लहान तितकें रबर बहुधा मऊ व चिकट. आंकडा कारखानदार स्वतःच ठरवितो, म्हणून दोन कारखान्यांच्या आंकड्यांची तुलना जपून करावी. शर्यतीचे शौकीन दोनशेंचे टायर घेतात. त्यांतील कित्येक कोरड्या रस्त्यावर अप्रतिम, पण खोल पाण्यांत बेभरंवशाचे असतात. माझ्या विद्यार्थ्यानें तो मोह आवरून तीनशेंच्या घरांतला उन्हाळी टायर पसंत केला. असलें रबर सुमारें ७ अंश सेल्सियसखालीं ताठर होऊं लागतें; मिशिगनचा हिवाळा तर त्याहून पुष्कळ कडक. तेव्हां बर्फाचे महिने गाडी झांकून ठेवण्याचें त्यानें कबूल केलें.

दुकानदारानें पुन्हां सतरा इंची चाकांचा आग्रह धरला, तेव्हां यानें काउंटरवरच कागद घेऊन दोन्ही बेरजा मांडून दाखविल्या, असें त्यानें कळविलें आहे. चारही चाकांस १९५/५० आर १५ बसले. पैसे देण्यापूर्वीं तो प्रत्येक टायरजवळ गुडघे टेकून बसला व चार आंकडे वाचले. त्यांपैकीं एक टायर चार वर्षांपूर्वींचा निघाला, तो त्यानें बदलून घेतला.