आधी संगणक, ग्राफिक्स कार्ड नंतर

बारावीचे निकाल लागून प्रवेश झाले की मुळशीतल्या अनेक घरांत एकच विषय निघतो. मुलाला किंवा मुलीला संगणक हवा असतो. कुणाला बीसीए करायचे असते, कुणाला आर्किटेक्चर, कुणाला अ‍ॅनिमेशन. दुकानदाराने लिहून दिलेली सुट्या भागांची यादी घरी येते, अब्बा चष्मा लावून ती वाचतात आणि एका ओळीवर थांबतात. ती ओळ ग्राफिक्स कार्डाची असते. एकूण खर्चाचा तिसरा हिस्सा, कधी कधी जवळपास निम्मी रक्कम त्या एका वस्तूची. मग घरात दोनच मार्ग दिसू लागतात. एक तर कर्ज काढून सगळे एकदम घ्यायचे, नाही तर संगणकच पुढच्या वर्षावर ढकलायचा.

तिसरा मार्गही आहे आणि तो बहुतेक घरांना परवडणारा आहे. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्सची सोय असलेला संगणक आत्ता घ्यायचा, त्यावर वर्ष-दीड वर्ष काम करायचे आणि गरज खरी ठरली की कार्ड बसवायचे.

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, तरी हा प्रश्न आमच्यापर्यंत सतत येतो. मुळशी म्हणजे धरण आणि ताम्हिणीचा पाऊस एवढेच बाहेरच्यांना ठाऊक असते, पण हिंजवडीचे आयटी पार्क याच तालुक्यात आहे. पिरंगुट-पौडची मुले त्या कंपन्यांची नावे ऐकत मोठी होतात. त्यांनी संगणकाचे स्वप्न पाहावे यात नवल नाही. म्हणून हा विषय आम्ही जाणकारांकडून समजून घेतला, आमच्या घरी याच पद्धतीने संगणक उभा केला, आणि जे कळले ते इथे मांडत आहोत.

पडद्यावर दिसणारे प्रत्येक चित्र, अक्षर, चलचित्र तयार करण्याचे काम ग्राफिक्स प्रोसेसर करतो. स्वतंत्र कार्डावर हा प्रोसेसर वेगळा असतो, त्याची स्वतःची मेमरी असते, स्वतःचा पंखा असतो. दुसऱ्या प्रकारात तो मुख्य प्रोसेसरच्या पोटातच असतो आणि मेमरी संगणकाच्या रॅममधून उसनी घेतो. पूर्वी ही सोय मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असे आणि ती अगदी बेताची होती. २०११ मध्ये इंटेल आणि एएमडी या दोन्ही कंपन्यांनी ती मुख्य प्रोसेसरच्या एकाच तुकड्यावर आणली, आणि तेव्हापासून ती सुधारतच गेली. आज ज्याला दुकानात ‘इनबिल्ट ग्राफिक्स’ म्हणतात ते हेच.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. प्रत्येक प्रोसेसरमध्ये ही सोय नसते. ओळख नावाच्या शेवटच्या अक्षरात लपलेली असते. इंटेलच्या कोअर आय५-१२४०० मध्ये ग्राफिक्स आहे, १२४००एफ मध्ये नाही. एएमडीच्या रायझन ५ ५६००जी मध्ये आहे आणि चांगले आहे, पण नुसत्या ५६०० मध्ये नाही. रायझनच्या ७००० मालिकेत बहुतेक प्रोसेसरांत पडदा चालवण्यापुरती छोटी सोय दिली आहे, तरी ७५००एफ मध्ये ती नाही. ८६००जी आणि ८७००जी यांतली सोय मात्र बरीच ताकदीची आहे. म्हणजे ‘एफ’ अक्षर दिसले की कार्डाशिवाय पडदा काळाच राहणार.

हे अक्षर एका ओळखीच्या कुटुंबाला महाग पडले. शहरातल्या एका दुकानाने त्यांना ‘हा स्वस्त पडतो’ म्हणून एफवाला प्रोसेसर दिला. कार्ड नंतर घेणार हे त्यांनी आधीच सांगितले होते. संगणक घरी आला, पंखे फिरले, दिवे लागले, पडद्यावर काही नाही. मदरबोर्डला मॉनिटरची वायर लावण्याची जागा होती, पण प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर ती जागा नुसती शोभेची. परत गेल्यावर उत्तर मिळाले, ‘आता कार्ड घ्यावेच लागेल.’ दोन प्रोसेसरांच्या किमतीतला फरक थोडा होता. त्यापायी मोठा खर्च आधी करावा लागला. तुम्ही तापकीर गल्लीत जा, लॅमिंग्टन रोडला जा की ऑनलाइन मागवा, बिलावर प्रोसेसरचे पूर्ण नाव अक्षरासकट लिहून घ्या.

दुसरी काळजी रॅमची. ग्राफिक्स रॅममधून उसनवारी करणार असल्याने ८ जीबीत ओढाताण होते. १६ जीबी हवी, आणि तीही ८-८ च्या दोन स्टिकमध्ये. एकच १६ ची स्टिक लावली तर प्रोसेसरला मेमरीकडे जाण्याचा एकच रस्ता मिळतो. दोन लावल्या तर दोन रस्ते. लिखापढीच्या कामात हा फरक जाणवत नाही, थ्रीडी चित्रांत मात्र ठळक दिसतो. चार खाचांच्या मदरबोर्डवर साधारणपणे प्रोसेसरकडून मोजून दुसरी आणि चौथी खाच वापरतात. बोर्डासोबतच्या पुस्तिकेत ते दिलेले असते. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत एआयच्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव झपाट्याने चढले, तेव्हा हा खर्च हिशेबात नीट धरा. दोन स्टिक परवडत नसतील तर आज एक आणि पुढे तशीच दुसरी, असेही चालते.

मग या संगणकावर होते काय आणि होत नाही काय? वर्ड, एक्सेल, टॅली, ऑनलाइन तासिका, पायथन आणि जावाचा अभ्यास, वेबसाइट तयार करणे, कॅनव्हा, फोटोशॉपचे नेहमीचे काम, ऑटोकॅडमधले सपाट नकाशे हे सगळे व्यवस्थित होते. लग्नपत्रिका, जलशांचे फलक उर्दूत जुळवून देणाऱ्या आपल्या किती तरी भगिनी घरबसल्या इनपेजवर काम करतात. त्यांना कार्डाची गरजच नाही आणि कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नये. मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओचे संकलन होते. इथे तर इंटेलचे आतले ग्राफिक्स विशेष उपयोगी पडते, कारण व्हिडिओ उलगडण्याची वेगळी यंत्रणा त्यात बसवलेली आहे.

अडचण येते ती पुढच्या पायरीवर. ब्लेंडर हे थ्रीडीचे सॉफ्टवेअर मोफत आहे, ते उघडते, मॉडेल घडवता येते, शिकता येते. पण तयार दृश्याचे अंतिम चित्र काढायची वेळ आली की तो भार बहुधा मुख्य प्रोसेसरवर पडतो आणि कार्डाने मिनिटांत होणारे काम तासांवर जाते. आर्किटेक्चरच्या मुलांना पुढे लागणारे ल्युमिऑन कार्डाशिवाय नीट चालणारच नाही. नवे मोठे गेमही अडखळतात. जुने आणि हलके चालतात. मशीन लर्निंग शिकणाऱ्यांना एनव्हिडियाचे कार्ड हवे असे वाटते आणि ते खोटे नाही, पण गुगल कोलॅब आणि कॅगल यांवर मर्यादित तास का होईना, दूरच्या संगणकाचे कार्ड फुकट वापरायला मिळते. पहिल्या वर्षाच्या अभ्यासाला तेवढे पुरते.

म्हणून अभ्यासक्रम विचारात घ्या. आर्किटेक्चरचे पहिले वर्ष मुख्यतः हाताने रेखाटण्यात आणि प्रतिकृती बनवण्यात जाते. अ‍ॅनिमेशनच्या मुलांनाही आधी चित्रकला आणि मूळ तंत्र शिकावे लागते. पहिल्याच दिवशी घेतलेले कार्ड तोवर पेटीत रिकामे बसते. त्यावरची वॉरंटी, जी बहुतेक वेळा तीन वर्षांची असते, ती मात्र बिलाच्या तारखेपासून सरत जाते. या एका मुद्द्यावर आमच्या घरातला वाद मिटला. थोरली म्हणाली, “मला तिसऱ्या सेमिस्टरला लागेल, तेव्हा घेऊ,” आणि धाकट्याने तोंड वाकडे केले, कारण कार्ड त्याला हवे होते, अभ्यासासाठी नव्हे.

गेमवरून आठवले. ‘कार्ड म्हणजे खेळ, खेळ म्हणजे वाया जाणे’ अशी अनेक घरांत समजूत आहे आणि तिच्यापायी मुलींची खरी गरजही मोडीत निघते. भावाने मागितले तर निदान भांडण होते, बहिणीने मागितले तर ‘तुला कशाला?’ एवढ्यावर विषय संपतो. आम्हाला हे पटत नाही. कार्डाविना सुरू केलेल्या संगणकाचा एक फायदा असा की गरज कुणाची आणि कशाची, हे वर्षभरात समोर दिसते. मुलगी रात्री दृश्य काढायला लावून झोपते आणि फजरला उठून बघते तर निम्मेच झालेले, हे अब्बांनी दोन-तीनदा पाहिले की वेगळी वकिली लागत नाही.

आमच्या भागापुरता एक मुद्दा विजेचा. मुळशी धरणाच्या पाण्यावर टाटांच्या भिरा केंद्रात तयार होणारी वीज मुंबईसाठी होती, त्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला. आणि आज शंभर वर्षांनीही पावसाळ्यात इथल्या गावांत दिवे येतात-जातात. तेव्हा यूपीएस हवाच. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंत भार घेतो. ६५ वॅटचा प्रोसेसर, आतलेच ग्राफिक्स आणि एक मॉनिटर यांना तो आरामात सांभाळतो आणि काम जतन करून बंद करायला बरीच मिनिटे देतो. कार्ड आले की हिशेब बदलतो. आरटीएक्स ४०६० एकटे ११५ वॅटपर्यंत ओढते, आरटीएक्स ३०६० तर १७० पर्यंत. कार्डासोबत यूपीएसही मोठा घ्यावा लागू शकतो, आणि तो खर्च दुकानाच्या यादीत कधीच लिहिलेला नसतो.

पुढे कार्ड बसवायचे असेल तर तयारी आजच करून ठेवायची. एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, स्वस्तातला नको. चांगल्या कंपनीचा, ८० प्लस प्रमाणपत्राचा, ५५० ते ६५० वॅटचा, कार्डासाठीची आठ पिनची वायर असलेला घ्या. कॅबिनेट लांबीला पुरेसे हवे. मॉनिटरची जोडणी एचडीएमआय किंवा डिस्प्ले पोर्टची हवी. एक बारीक गोष्ट: ५६००जी कार्डाशी जुन्या, तिसऱ्या पिढीच्या पीसीआयई वेगाने बोलतो. बहुतेक कार्डांना त्याने फारसा फरक पडत नाही, पण आरएक्स ६५०० एक्सटीसारखे कार्ड चारच मार्गिका वापरते, ते अशा जोडीत मागे पडते. लॅपटॉपवाल्यांना हा सगळा बेत लागू नाही. बहुतेक लॅपटॉपमध्ये कार्ड नंतर आत बसवता येत नाही, जे घ्याल तेच शेवटपर्यंत. मुलांना लॅपटॉपच हवा असतो, पण घरून जाऊन-येऊन शिकणाऱ्यांसाठी डेस्कटॉप अधिक फायद्याचा, असे आमचे मत.

पैशांकडे वळू. व्याजाचा व्यवहार टाळणाऱ्या घरांना दुकानदार ‘नो कॉस्ट ईएमआय’ दाखवतात आणि त्यात व्याज नाही असे सांगतात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी वस्तुस्थितीच नसते. बहुतेक योजनांत बँक व्याज लावते, तेवढी सूट विक्रेता किमतीत देतो, आणि त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी ग्राहकाच्या खात्यावर निघतो. यात उतरायचे की नाही हे ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे आणि आपल्या आलिमांना विचारून ठरवावे. पण काय चालले आहे ते माहीत असावे. आमच्याकडे दोन टप्प्यांनी काम झाले. संगणक बचतीतून आला आणि कार्डासाठी वस्तीतल्या बायकांची भिशी लावली. व्याज नाही, लिलाव नाही, ज्याचा नंबर त्याला पूर्ण रक्कम. ईदी मुलांनी आपणहून त्यात टाकली.

थांबण्याने कधी कधी भावही उतरतो. २०२१ मध्ये चिपांची टंचाई आणि इथेरियम नावाच्या आभासी चलनाचे खाणकाम यांमुळे कार्डे छापील किमतीच्या दुपटीवर गेली होती. तेव्हा जगभर असंख्य लोकांनी ५६००जीसारख्या प्रोसेसरवर दिवस काढले. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने कार्डांवरचे खाणकाम बंद केले, आणि वापरलेल्या कार्डांचे ढीग बाजारात आले. भाव नेहमी उतरतोच असे नाही, हे रॅमच्या उदाहरणावरून दिसतेच. वापरलेले कार्ड घ्यायचे झाल्यास मूळ जीएसटी बिल आणि अनुक्रमांक ताडून बघा, समोर अर्धा तास चालवून घ्या, पंख्याचा आवाज ऐका.

कार्ड घरी आले की संगणक बंद करून, मागची वायर काढून, उघड्या धातूला हात लावून मगच ते खाचेत बसवा आणि आठ पिनची वायर जोडा. प्रोसेसर एका कंपनीचा आणि कार्ड दुसऱ्या कंपनीचे असेल तर नवा ड्रायव्हर त्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्या. आणि मॉनिटरची वायर मदरबोर्डवरून काढून कार्डाला लावा. ती जुन्या जागीच राहिली तर संगणक आतल्याच ग्राफिक्सवर चालत राहतो किंवा पडदा काळा दिसतो, आणि मंडळी नवे कोरे कार्ड बिघडले म्हणून पेटीत भरून पुन्हा पुण्याची बस धरतात.