घड्याळाशी शर्यत

सायकलची शर्यत म्हटली की खांद्याला खांदा लावून धावणाऱ्या स्वारांचा घोळका डोळ्यांसमोर येतो. शर्यतीचा एक प्रकार मात्र असा आहे की त्यात प्रत्येक स्वार एकटाच धावतो. ठरावीक अंतर तोडायचे आणि त्याला लागलेला वेळ मोजायचा. याला ‘टाइम ट्रायल’ म्हणतात. आपण ‘कालचाचणी’ म्हणू या. ब्रिटनमध्ये उन्हाळ्यातल्या संध्याकाळी अनेक सायकल क्लब १० मैलांची, म्हणजे सुमारे १६ किलोमीटरची कालचाचणी भरवतात. त्यात अगदी नवखे लोकही आपल्या नेहमीच्या सायकलवर उतरतात. आणि त्यांतले पुष्कळजण एकच चूक करतात : सुरुवातीलाच फार जोरात जातात. ही चूक का होते, याचा माग काढत गेलो तर बरेचसे भौतिकशास्त्र आणि थोडे शरीरशास्त्र हाती लागते.

एकेकट्याने का?

१८९४ साली इंग्लंडमध्ये ५० मैलांची एक शर्यत चालू असताना समोरून येणाऱ्या घोडागाडीचा घोडा बुजला आणि काही स्वार पडले. त्यांत फ्रेडरिक टॉमस बिडलेक हेही होते. अशा प्रकारांमुळे रस्त्यावर सायकल चालवण्यावरच बंदी येईल अशी भीती निर्माण झाली. तेव्हा बिडलेक यांनी वाट काढली. स्वारांना एकदम न सोडता ठरावीक अंतराने एकेक करून सोडायचे. म्हणजे पाहणाऱ्याला शर्यत चालू आहे असे वाटणारही नाही. अशी पहिली चाचणी ऑक्टोबर १८९५ मध्ये झाली. पुढे कित्येक वर्षे स्वार भल्या पहाटे, काळे कपडे घालून निघत आणि मार्गांना सांकेतिक नावे असत. मार्गांचे संकेत तिथे आजही वापरतात.

आता साधारणपणे दर मिनिटाला एक स्वार सुटतो. त्यामुळे हिशेब सोपा असतो. चाचणी सात वाजता सुरू होणार असेल, तर १५ क्रमांकाचा स्वार सात वाजून पंधरा मिनिटांनी निघतो. पुढच्या स्वाराला गाठले तर बाजूने पुढे निघून जायचे. त्याच्या मागे, त्याच्या आडोशाने जाणे नियमाविरुद्ध आहे. हा नियम का असावा? याचे उत्तर हवेत आहे.

वेग दुप्पट, शक्ती आठपट

सपाट रस्त्यावर स्वाराला मुख्यतः दोन गोष्टी अडवतात : टायरचे रस्त्याशी होणारे घर्षण आणि हवेचा रोध. स्वार व सायकल मिळून ८० किलोग्रॅम आहेत असे धरू. टायरला लागणारे बल सुमारे ४ न्यूटन येते आणि वेग वाढला तरी ते जवळजवळ तेवढेच राहते. हवेचे तसे नाही. वेग दुप्पट केला की स्वार दर सेकंदाला दुप्पट हवा बाजूला सारतो. शिवाय त्या हवेच्या प्रत्येक किलोग्रॅमला दुप्पट वेगाने ढकलावे लागते, म्हणजे चौपट ऊर्जा द्यावी लागते. दोन गुणिले चार, आठ!

आकडेच पाहू या. ताशी १८ किलोमीटर वेगाने जाताना सरळ बसलेल्या स्वाराला हवेसाठी सुमारे २६ वॅट आणि टायरसाठी २० वॅट, असे एकूण ४६ वॅट लागतात. ताशी ३६ किलोमीटरला हवेसाठी २१० आणि टायरसाठी ३९, म्हणजे एकूण जवळजवळ २५० वॅट लागतात. २५० वॅट म्हणजे दर सेकंदाला २५ किलोचे पोते एक मीटर उचलणे. धडधाकट पण सराव नसलेल्या माणसाला हे अर्धा तास जमणार नाही.

इथे सायकलपेक्षा स्वाराचे शरीरच हवेला जास्त अडवते. म्हणून कोपर वाकवून, पाठ खाली करून बसले तर चांगलाच फरक पडतो. अंगाने हवेला होणारा अडसर एक पंचमांशाने कमी झाला, तर वरच्या उदाहरणात सुमारे ४० वॅट वाचतात. १९८९ च्या ‘तूर द फ्रान्स’ शर्यतीचा शेवट या दृष्टीने लक्षात राहण्याजोगा आहे. सव्वातीन हजार किलोमीटरच्या या शर्यतीत शेवटच्या दिवशी फ्रान्सचे लोराँ फिन्यो ५० सेकंदांनी पुढे होते. उरली होती २४.५ किलोमीटरची कालचाचणी. अमेरिकेचे ग्रेग लेमाँड दोन्ही हात पुढे जवळजवळ ठेवता येतील अशा हँडलवर झुकून, निमुळते हेल्मेट घालून धावले. फिन्यो नेहमीच्या हँडलवर, उघड्या डोक्याने. लेमाँड यांनी ती चाचणी ५८ सेकंद कमी वेळात पुरी केली आणि पूर्ण शर्यत ८ सेकंदांनी जिंकली. सगळे श्रेय हँडलला देता येणार नाही, पण ८ सेकंदांसाठी फार हवा वाचवावी लागत नाही.

पहिली दोन मिनिटे फसवी

आता मूळ प्रश्नाकडे वळू. निघताना मदतनीस सीट धरून सायकल उभी ठेवतो, वेळाधिकारी पाच, चार, तीन असे मोजतो. छाती धडधडत असते. स्वार सुटतो आणि त्याला वाटते, आज पाय किती हलके आहेत!

हे वाटणे खोटे नसते, पण उधारीवरचे असते. स्नायूंना काम करण्यासाठी ऑक्सिजन लागतो आणि हृदय व फुप्फुसे मागणी वाढल्याबरोबर तो पुरवू शकत नाहीत. पुरवठा पुरता वाढायला दोन-तीन मिनिटे जातात. तोवर स्नायू आपल्यातला साठा वापरतात : आधी क्रिएटिन फॉस्फेट, आणि मग ऑक्सिजनशिवाय मोडणारी साखर. म्हणून श्वास लागत नाही, नाडीही फार वाढलेली नसते आणि स्वार जोर वाढवतो. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला उधारी फेडण्याची वेळ येते. धाप लागते, मांड्या भरून येतात आणि वेग घसरतो. पूर्वी याचे खापर लॅक्टिक आम्लावर फोडत. लॅक्टेट हे स्नायूंचे आणि हृदयाचे इंधनही आहे, हे आता माहीत झाले आहे. थकव्यामागे स्नायूंत साचणारे फॉस्फेट, वाढती आम्लता अशी अनेक कारणे एकत्र असतात.

म्हणून अनुभवी स्वार निघण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे सायकल चालवून अंग गरम करतात आणि पहिली दोन मिनिटे मुद्दाम हात राखून जातात. ‘हे जरा सोपेच वाटते आहे’ असे वाटले, तर नवख्याचा वेग बरोबर आहे असे समजावे.

वाऱ्याचे गणित

बरेच मार्ग जाऊन परत येण्याचे असतात. जाताना वारा समोरून, येताना पाठीमागून. मग फिटंफाट होईल ना? करून पाहू. वारा नसताना स्वार ताशी ३२ किलोमीटरने जातो. १६ किलोमीटरला ३० मिनिटे. आता वाऱ्यामुळे पहिले ८ किलोमीटर ताशी २४ ने आणि परतीचे ८ ताशी ४० ने झाले असे समजा. २४ आणि ४० यांची सरासरी ३२ च आहे. पण वेळ? जाताना २० मिनिटे आणि येताना १२, एकूण ३२. दोन मिनिटे गेली कुठे? स्वार कमी वेगात जास्त वेळ होता आणि जास्त वेगात कमी वेळ. म्हणून थोडा अधिक जोर लावायचा असेल तर तो समोरच्या वाऱ्यात लावावा.

वर्गात आणि मैदानावर

वाऱ्याचे हे गणित सातवी-आठवीच्या मुलांना उत्तर न सांगता घालावे. बहुतेकजण ३० मिनिटे म्हणतील. वाद होऊ द्यावा.

प्रयोगासाठी रस्ता नको, शाळेचे मैदान घ्यावे. रहदारीत सायकल पिटाळणे धोक्याचे आहे. फक्कीने २०० मीटरची फेरी आखून मुलांना एकेक करून दहा फेऱ्या मारायला सांगाव्यात. प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट असावे, टायरमध्ये पुरेशी हवा असावी आणि ब्रेक तपासलेले असावेत. एकाने घड्याळ पाहावे, दुसऱ्याने प्रत्येक फेरीचा वेळ लिहावा. पहिल्या दिवशी सूचना एवढीच : ‘जितके जोरात जमेल तितके जा.’ दुसऱ्या दिवशी : ‘सगळ्या फेऱ्या सारख्या वेळात करा.’ दोन्ही दिवसांचे आलेख एकाच कागदावर काढावेत. पहिल्या दिवसाची रेषा कुठे वर चढू लागते आणि कोणत्या दिवशी एकूण वेळ कमी लागला, हे मुलांनीच शोधावे. सायकल जुनी की नवी, याला इथे महत्त्व नाही. प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःच्याच आदल्या दिवसाशी आहे. वर्गात नेहमी शेवटी राहणाऱ्या मुलालाही इथे पुढे जाता येते.