गाजावाजा प्रशिक्षकाचा, घाम पोरांचा!

नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा पाचोऱ्यातील आमच्या वस्तीची पोरं जळगावला जाऊन तो पाहून आली. पडद्यावर अमिताभ बच्चन बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे हात जोडतात, तेव्हा थिएटर दणाणले म्हणे. आनंद आम्हालाही झाला, खोटे कशाला बोला!

पण वर्तमानपत्रे, वाहिन्या पाहाव्या तर सगळीकडे प्रशिक्षकच. नागपूरचे विजय बारसे सर यांनी भर पावसात झोपडपट्टीतील पोरांना तुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिले आणि २००१ साली ‘स्लम सॉकर’ उभे केले. त्यांचा मान त्यांना मिळालाच पाहिजे. मात्र वाचकहो, चेंडू नसताना खेळ सुरू केला तो पोरांनी, हे कोण छापणार? २०२० साली तेलंगणातील न्यायालयाने या चित्रपटाला मनाई केली, तो वाददेखील अखिलेश पॉल या खेळाडूच्या जीवनकथेच्या हक्काचा होता. कोर्टात भांडण पोराच्या आयुष्यावरून, पोस्टरवर चेहरा गुरुजींचा!

आमचा एक पोरगा म्हणाला, “भाऊ, आपल्याला असे सर कधी भेटतील?” आम्ही म्हटले, “सर नंतर पाहू, आधी मैदान मागू. अर्ज टेबलावर आहे, सही करून जा.”