पणजीच्या पणजीचं चॅपल नेमकं कुठलं?

(भागाचं लिखित रूप. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'तर' थोडे छाटलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)



लिओ वराडकर २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा मालवण तालुक्यातलं वराड गाव एकदम बातम्यांत आलं. आठवतंय ना? वडलांकडचं गाव शोधायला कुणालाच कष्ट पडले नाहीत, ते आडनावातच होतं. त्यांची आई मात्र आयरिश, वॉटरफर्ड काउंटीतल्या डंगारव्हनची. आणि आयरिश आडनावातून गाव कळत नाही. मर्फी, केली, ओब्रायन, ही मंडळी देशभर सापडतात. म्हणून अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात राहणारा एखादा मर्फी मूळ शोधायला निघाला की आधी गावावरच अडतो. आणि गाव मिळालं की पुढचा प्रश्न येतो: आपली माणसं रविवारी मिस्साला कुठे जायची?

हा प्रश्न नुसत्या भाविकपणाचा नाही. १८४५ ते १८५२ च्या बटाट्याच्या दुष्काळात आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. जाणारे बहुतेक गरीब कॅथलिक. जमीन दुसऱ्याची, अनेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. सरकारदरबारी त्यांचं काय उरलं? जवळपास काहीच नाही. सगळ्या जन्ममृत्यूंची सरकारी नोंद सुरू झाली १८६४ मध्ये. त्याआधीच्या जनगणना होत्या, पण १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे कागद बहुतांश १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या दफ्तरखान्याबरोबर जळाले. १८६१ आणि १८७१ चे सरकारने स्वतःच नष्ट केले होते. १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यासाठी गेले. एवढ्या सगळ्यातून वाचल्या त्या कॅथलिक बाप्तिस्म्याच्या वह्या. का वाचल्या? कारण त्या सरकारी दफ्तरात नव्हत्याच, गावच्या धर्मगुरूकडे होत्या. म्हणजे कित्येक माणसं या जगात होऊन गेली याचा एकमेव पुरावा त्या वहीतली एक ओळ आहे.

आता समजा, तुमच्या मैत्रिणीच्या घराण्यातली एक ब्रिजेट १८४७ मध्ये मेयो काउंटीतून बॉस्टनला गेली. मैत्रीण तिकीट काढून मेयोला पोचते. गावात उंच मनोऱ्याचं भव्य दगडी कॅथलिक चर्च. आत जाऊन बसते, डोळे भरून येतात, फोटो टाकते. आणि दारावरच्या पाटीवर बांधकामाचं साल असतं १८६५. ब्रिजेटने ही इमारत कधी बघितलीच नाही! असं खूप जणांचं होतं, कारण आज दिसणारी मोठी कॅथलिक चर्चेस बरीचशी दुष्काळानंतरची आहेत.

मग गावाबाहेरच्या स्मशानातलं पडकं, जुनं चर्च? तिथे तर ब्रिजेटच्या आजोबांची कबरही असेल. पण तेही नाही. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या राजाने पोपशी नातं तोडलं, तशी आयर्लंडमधली जुनी चर्चेस आणि त्यांचं उत्पन्न सरकारी प्रोटेस्टंट पंथाकडे गेलं. कॅथलिक लोक आपली माणसं त्याच जुन्या आवारात पुरत राहिले, प्रार्थनेला मात्र दुसरीकडे जाऊ लागले. त्यामुळे कबर सापडली म्हणजे चॅपल सापडलं असं होत नाही.

इथे एक शब्दाची गंमत सांगतो, पुढे ती फार उपयोगी पडते. एकोणिसाव्या शतकातल्या आयर्लंडमध्ये 'चर्च' म्हटलं की प्रोटेस्टंटांचं, 'चॅपल' म्हटलं की कॅथलिकांचं. आकाराचा काही संबंध नाही. आजही कुठल्या आयरिश शहरात चॅपल लेन नावाची गल्ली दिसली तर समजायचं, मुख्य रस्त्यावर जागा नव्हती म्हणून मागच्या बोळात कॅथलिकांनी आपलं देऊळ मांडलं होतं. बेलफास्टच्या चॅपल लेनमध्ये सेंट मेरीज आहे, १७८४ चं, शहरातलं पहिलं कॅथलिक चर्च. त्याच्या बांधकामाला प्रोटेस्टंट शेजाऱ्यांनीही वर्गणी दिली होती आणि पहिल्या मिस्साच्या दिवशी त्यांच्या स्वयंसेवक पलटणीने बाहेर मानवंदना दिली होती. इतिहास दरवेळी आपल्या अपेक्षेप्रमाणे वागत नाही, ते असं.

बरं, शोधायचं कसं? फोनवर होतं बरंचसं, आणि फुकटात.

आधी टाउनलँड पाहिजे. हा आयर्लंडमधला जमिनीचा सगळ्यात छोटा नावाचा तुकडा, आपल्या वाडीसारखा, कधी चारच घरं. देशात साठ हजारांहून जास्त आहेत आणि एकेक नाव अनेक ठिकाणी सापडतं, म्हणून काउंटीसकट पक्कं करा. थडग्यावर, जुन्या पत्रात, अमेरिकेतल्या लग्नाच्या नोंदीत ते मिळू शकतं. मग १८४७ ते १८६४ मध्ये झालेली ग्रिफिथची जमीन-पाहणी बघायची. कुठल्या टाउनलँडमध्ये कोण राहतं, जमिनीचा मालक कोण, आकारणी किती, सगळं त्यात आहे आणि ऑनलाइन आहे. ब्रिजेट गेली असेल, तिचा बाप किंवा भाऊ सापडू शकतो.

त्यानंतर पॅरिश. आपले वसईकर श्रोते ज्याला धर्मग्राम म्हणतात, तेच. पण इथे भले भले फसतात, कारण एकाच जमिनीवर दोन प्रकारचे पॅरिश आहेत. एक सरकारी, मध्ययुगापासून चालत आलेला, प्रोटेस्टंट चर्चने जसाच्या तसा ठेवलेला. दुसरा कॅथलिकांचा. यांची जुनी घडी मोडली होती, धर्मगुरू कमी होते, म्हणून दोन-तीन जुने पॅरिश जोडून एक केला गेला. नावंही वेगळी. ग्रिफिथमध्ये मिळतो तो सरकारी पॅरिश. बाप्तिस्म्याची वही असते कॅथलिक पॅरिशची. हा पूल ओलांडायला सॅम्युएल लुईसचा १८३७ चा स्थलकोश वापरा. सरकारी पॅरिशच्या नोंदीत तो बहुधा सांगतो की कॅथलिकांच्या हिशेबाने हा भाग कुठल्या पॅरिशमध्ये येतो आणि तिथे चॅपलं कुठे आहेत. मला विचाराल तर या सगळ्या शोधातलं सगळ्यात कामाचं पुस्तक हेच.

मग वह्या. नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडने हजारावर पॅरिशच्या वह्यांचे पावणेचार लाखांच्या आसपास फोटो २०१५ मध्ये खुले केले, साधारण १८८० पर्यंतचे. तिथे नाव टाकून शोधता येत नाही, पानं चाळावी लागतात. नोंद अनेकदा लॅटिनमध्ये: जेम्सचा याकोबुस, विल्यमचा गुलिएल्मुस, ब्रिजेटची ब्रिजिदा. घाबरू नका, पन्नास शब्दांच्या पुढे लॅटिन जात नाही. वेक्सफर्ड शहराची वही १६७१ पासून आहे, तर पश्चिमेच्या गरीब भागात कित्येक वह्या १८२० नंतर सुरू होतात. नशिबाचा भाग आहे.

आता लक्ष द्या. वही सांगते पॅरिश, इमारत नाही. एका पॅरिशमध्ये दोन-तीन चॅपलं असायची आणि वही एकच. म्हणून शेवटचा पुरावा नकाशाचा. १८३०-४० च्या दशकांत सगळ्या आयर्लंडचा मैलाला सहा इंच या मापाचा नकाशा तयार झाला, तोही ऑनलाइन आहे. त्यावर कॅथलिक जागेला 'आर. सी. चॅपल' असं लिहिलेलं असतं. टाउनलँडवर बोट ठेवायचं, आजूबाजूला बघायचं, चालत जायला सोपं कुठलं ते ठरवायचं. मध्ये नदी आहे का, पूल आहे का, हेही बघा. त्याच जागेचा पन्नास-साठ वर्षांनंतरचा नकाशा शेजारी ठेवला की चॅपल हललं का तेही कळतं.

ती चॅपलं दिसायची कशी? साधी, ठेंगणी, कोठारासारखी, खेड्यात तर अनेकदा गवताने शाकारलेली. १७८२ च्या कायद्याने मिस्साला मोकळीक दिली, पण मनोरा आणि घंटा असलेल्या इमारतीत नाही. पूर्ण राजकीय हक्क मिळाले १८२९ मध्ये.

आणि ते 'मास रॉक', डोंगरातल्या खडकावर चोरून केलेला मिस्सा? पर्यटनाच्या माहितीपत्रकांना ती गोष्ट भारी आवडते. खडक खरे आहेत, क्रॉमवेलच्या १६५० च्या दशकातले आणि पुढच्या कडक कायद्यांच्या काळातले. १७०४ मध्ये तर धर्मगुरूंना नाव नोंदवून प्रत्येकी पन्नास पौंडांचे दोन जामीन द्यावे लागले. १,०८९ जणांनी नोंदणी केली. पण १८४० चे तुमचे पूर्वज बहुधा चॅपलमध्येच जात होते. खडक त्यांच्या आजोबांच्या आजोबांचा.

अर्थात 'बहुधा'. क्लेअर काउंटीत, लूप हेडच्या टोकाला किलबाहा नावाचं गाव आहे. दुष्काळानंतर तिथल्या जमीनदाराच्या कारभाऱ्याने कॅथलिक चॅपलला जागा द्यायला साफ नकार दिला. हे १८५२ साल, म्हणजे कायद्याने सगळं खुलं झालेलं! तिथले धर्मगुरू फादर मायकल मीहन यांनी सुताराकडून एक लाकडी खोली करून घेतली, चाकांवरची, खिडक्या असलेली, आत वेदी. ती रविवारी समुद्रकिनाऱ्यावर ओढत न्यायची, भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात. कारण त्या वाळूवर जमीनदाराचा हक्क चालत नव्हता. धर्मगुरू आत, लोक बाहेर, पावसावाऱ्यात गुडघे टेकून. १८५७ मध्ये जागा मिळेपर्यंत हे वर्षानुवर्षं चाललं. ती गाडी आजही जवळच्या मुनीनच्या चर्चमध्ये ठेवलेली आहे. तर ज्याचे पूर्वज १८५४ मध्ये किलबाहातून निघाले, त्याने नकाशावर चॅपल शोधलं तर मिळणारच नाही. त्यांचं चॅपल भरती आली की मागे ओढून घ्यावं लागायचं.

घराचाही विचार करा. १८५० च्या थर्लसच्या धर्मसभेने बाप्तिस्मे, लग्नं चर्चमध्येच करा असं बजावलं, कारण तोवर ती सर्रास घरी व्हायची. लग्न बहुतेक वेळा नवरीच्या पॅरिशमध्ये, कित्येकदा तिच्या घरच्या चुलीसमोर. तेव्हा १८३५ ची लग्नाची नोंद हाती आली तर नवरीच्या बापाचं घर शोधा.

बाप्तिस्म्याच्या ओळीत आईबापांशिवाय आणखी दोन नावं असतात, धर्मपिता आणि धर्ममाता. ती घाईत वगळू नका. ही नावं अनेकदा शेजारच्यांची किंवा मावशी-काकांची असतात. ब्रिजेटच्या घरचं कुणी ग्रिफिथमध्ये सापडलं नाही, तर त्या दोघांची आडनावं त्याच टाउनलँडमध्ये शोधून बघा.