परतीचा शिधा

शिखर चढणं आणि खिंड ओलांडणं या दोन गोष्टी लांबून सारख्याच दिसतात. दोन्हींत चढ आहे, बर्फ आहे, दम लागणं आहे. पण त्यांची आखणी वेगवेगळी करावी लागते. शिखरावर जाणारा माणूस बहुधा गेल्या वाटेनंच परत येतो. खालच्या मुक्कामावर त्याचा तंबू उभा असतो, डाळ-तांदूळ ठेवलेले असतात. खिंड ओलांडणाऱ्याचं तसं नाही. त्याचं सगळं घर त्याच्याबरोबर चालत असतं. सकाळी तंबू मोडला की मागं काही उरत नाही. रोज शिधा थोडा कमी होतो आणि रोज मागची वाट थोडी लांबते.

मी कविता लिहिणारा माणूस, डोंगराचा तज्ज्ञ नव्हे. पण कॉलेजात असल्यापासून सह्याद्रीत हिंडलो आणि आमच्या गटात हिशेबाची वही नेहमी माझ्याकडे असे. हिमाचल प्रदेशातल्या पिन पार्वती खिंडीच्या वाटेला मी दोनदा गेलो. पहिल्या वेळी खिंडीच्या पायथ्यावरून परतलो, दुसऱ्या वेळी पलीकडे उतरलो. त्या वहीच्या आधारानं अशा वाटेची आखणी कशी करतात, ते सांगतो.

पिन पार्वतीची उंची ५३१९ मीटर. एका अंगाला कुल्लू जिल्ह्यातलं पार्वती नदीचं हिरवंगार खोरं, दुसऱ्या अंगाला स्पितीतलं पिन नदीचं कोरडं, उघडंबोडकं खोरं. १८८४ मध्ये लुई डेन हा इंग्रज अधिकारी स्पितीत जायची दुसरी वाट शोधत या खिंडीतून गेला. मणिकरणच्या पुढच्या बरशैणीपासून पलीकडच्या मुद गावापर्यंतची ही चाल शंभर किलोमीटरच्या आसपास भरते. मधे खीरगंगेचे गरम पाण्याचे झरे आहेत, थाच म्हणजे मेंढपाळांची कुरणं आहेत. पांडू पुलाजवळ दोन अवाढव्य शिळांवरून पार्वती ओलांडावी लागते. पण खीरगंगा सोडली की मुदपर्यंत गाव नाही, दुकान नाही.

आखणीतली पहिली गोष्ट म्हणजे दिवस. अंतराकडे पाहिलं तर तुम्ही म्हणाल, शंभर किलोमीटर म्हणजे फार तर पाच दिवस. आपल्या सह्याद्रीत ते खरं आहे. हिमालयात दिवस अंतरानं मोजत नाहीत, उंचीनं मोजतात. पाच हजार मीटरच्या पुढं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्म्यावर येतो. श्वास तेवढाच घेतला तरी शरीराला प्राणवायू कमी मिळतो. शरीर याची सवय करून घेतं, पण स्वतःच्या गतीनं. म्हणून तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजचा मुक्काम आदल्या मुक्कामापेक्षा पाचशे मीटरहून अधिक उंच करू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा ठेवावा, असं डॉक्टर सांगतात. डोकं दुखणं, मळमळ, झोप उडणं ही पहिली लक्षणं. ती दिसली की वर चढणं थांबवायचं. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागू लागली, तर ताबडतोब खाली उतरायचं. याला दुसरं खात्रीचं औषध नाही.

या नियमानं आमचे दिवस असे पडले : खीरगंगा, तुंडा भुज, ठाकूर कुआँ, ओडी थाच, मानतलाई. मानतलाईचं तळं चार हजार मीटरच्या थोडं वर आहे. तिथून खिंडीखालचा तळ एकदम सात-आठशे मीटर चढतो, म्हणून सहावा दिवस मानतलाईलाच विश्रांतीचा. सातव्या दिवशी तळ, आठव्या दिवशी खिंड, दहाव्या दिवशी मुद. एकूण दहा दिवस.

दुसरी गोष्ट हवा. ही वाट साधारण जुलै ते सप्टेंबर एवढीच खुली असते आणि अलीकडच्या बाजूला तोच पावसाळा. महाबळेश्वरात मुसळधार आणि पूर्वेकडे माण तालुक्यात थेंब नाही, तसंच इथं. पार्वतीच्या खोऱ्यात पाऊस झोडपतो, स्पितीत धूळ उडते. वर खिंडीत मात्र पावसाचा बर्फ होतो, तोही भर ऑगस्टात. शिवाय खालचा रस्ताही गृहीत धरता येत नाही. जुलै २०२३ च्या पुरात कुल्लू जिल्ह्यातले रस्ते आणि पूल वाहून गेले होते. म्हणून निघण्यापूर्वी वन खात्याची आणि स्थानिक प्रशासनाची परवानगी घ्यायची, तशीच रस्त्याचीही चौकशी करायची.

तिसरी गोष्ट घड्याळ. बर्फाच्या पाण्यावर वाहणारे ओढे सकाळी घोटाभर असतात, उन्हानं बर्फ वितळला की दुपारी मांडीपर्यंत येतात. ओढा सकाळीच ओलांडायचा. खिंडीतल्या बर्फाचंही तेच. पहाटे तो दगडासारखा कडक असतो, दुपारी भुसभुशीत होतो. आणि या बर्फाखाली खोल भेगा आहेत. वरून पातळ थर, खाली पोकळी. पहाटे जो थर माणूस पेलतो, तोच दुपारी पेलीलच असं नाही. म्हणून पहाटे तीन-चारला निघायचं, सगळ्यांनी एका दोरात बांधून घ्यायचं, दोघांत आठ-दहा मीटर अंतर ठेवायचं आणि वाट माहीत असलेल्या गाइडच्या पावलावर पाऊल टाकायचं.

आता शिध्याकडे येऊ, कारण सगळं गाडं तिथं अडतं. कोरडा शिधा माणशी रोजचा पाऊण किलो धरतात. आम्ही सहा जण, एक गाइड, एक स्वयंपाकी आणि सहा पोर्टर, असे चौदा. म्हणजे रोजचा साडेदहा किलो, दहा दिवसांचा एकशे पाच किलो. मानतलाईच्या उंचीवर पाणी ८६-८७ अंशांनाच उकळतं. साध्या पातेल्यात डाळ तासभर ठेवली तरी दाताखाली येते. म्हणून प्रेशर कुकर हवाच आणि स्टोव्हचं इंधनही सढळ हातानं घ्यायला हवं. पुष्कळ गटांचा हिशेब इथं संपतो. दहा दिवसांची वाट, दहा दिवसांचा शिधा.

पण असं पाहा. आठव्या दिवशी पहाटे तुम्ही खिंडीखाली आहात. पुढं गेलात तर तीन दिवसांत मुद. तेवढाच शिधा उरला आहे. आणि बर्फ पडू लागला आहे. दोन दिवस थांबावं आणि तरीही उघडलं नाही तर परतावं, असं शहाणपण सांगतं. परत बरशैणीला उतरायला चार दिवस. दोन आणि चार, सहा दिवस. पिशवीत आहेत तीन. मग पुढं जायचं की नाही, याचा निर्णय आभाळाकडे पाहून होत नाही, पिठाची पिशवी तो करते. पुढं जाणं धोक्याचं आहे हे दिसत असूनही माणसं पुढं जातात, कारण जेवण पुढच्या बाजूला असतं. गाडी पुढच्या बाजूला उभी असते. परतीचं रेल्वेचं तिकीटही पुढच्याच बाजूनं काढलेलं असतं.

आमच्या घरात प्रवासाच्या शिदोरीला तोशा म्हणत. माझी दादी कुणाला नातेवाइकांकडे पाठवताना दोन वेगळ्या फडक्यांत भाकऱ्या बांधायची. एक फडकं जायचं आणि एक यायचं. तिकडं जेवू घालणार नाहीत का, असं आम्ही विचारलं की ती म्हणायची, गाडी मधूनच फिरली तर? आमच्या हिशेबाच्या वहीत पान भरताना मी ते दुसरं फडकं घातलं. तीन दिवसांचा जादा शिधा.

तो फुकट येत नाही. तीन दिवसांचा साडेएकतीस किलो. तो वाहायला जादा पोर्टर लागतात आणि तेही जेवतात. एक पोर्टर वीस किलो वाहतो, पण तेरा दिवसांत त्यातलं पावणेदहा किलो त्याच्याच पोटात जातं. गणित सुटतं ते तीन जादा पोर्टरांवर. त्यांची मजुरी, त्यांचे गरम कपडे, त्यांचा विमा, हे सगळं खर्चात. पोर्टरच्या अंगावर आपल्यापेक्षा कमी कपडे असतील तर ती आखणी अपुरी समजावी. थंडी त्यालाही तेवढीच असते. यातला भार थोडा हलका करता येतो. मानतलाईपासून खाली येताना लागणारा शिधा मानतलाईलाच मोठ्या दगडांखाली नीट बांधून ठेवायचा, म्हणजे तो खिंडीवर चढवावा लागत नाही. खिंड पार झाली तर तो परत मिळत नाही. तो पलीकडे गेल्याचा कर समजायचा.

शिध्यासारखीच रजा. दहा दिवसांच्या वाटेला तेरा दिवस आणि वर रस्त्याचे दोन-तीन दिवस धरायचे. मुदला येणाऱ्या गाडीवाल्याला आधीच सांगून ठेवायचं की तीन दिवस वाट पाहा आणि पैसे मोजायची तयारी ठेवायची. परतीचं तिकीट त्यानंतरचं. खीरगंगेपुढं फोन चालत नाही आणि उपग्रहावरचा फोन सरकारी परवानगीशिवाय बाळगणं आपल्या देशात गुन्हा आहे. म्हणून घरी एक कागद ठेवून जायचं : आम्ही या तारखेपर्यंत मुदला किंवा बरशैणीला नसलो तर यांना कळवा.

आणि परतीची वेळ घरी, खुर्चीत बसून ठरवायची. अमुक वाजेपर्यंत माथ्यावर पोचलो नाही तर मागं वळायचं, कुणाला चालताना तोल सावरेना तर मागं वळायचं, गाइड नाही म्हणाला तर वाद घालायचा नाही. हे आधी लिहून सगळ्यांना वाचून दाखवावं, कारण पाच हजार मीटरवर प्राणवायू जसा फुप्फुसांना कमी पडतो तसा मेंदूलाही पडतो. तिथं काढलेल्या निर्णयावर फार विसंबू नये.

हे भीती घालायला सांगत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये उत्तराखंडातल्या हर्सिलहून लमखागा खिंड ओलांडून हिमाचलातल्या छितकुलला निघालेल्या एका तुकडीतले अनेक जण हिमवादळात दगावले. त्यांचं काय चुकलं, हे खाली बसून सांगायचा अधिकार मला नाही. एवढंच कळतं, की खिंडीवर आभाळ फिरतं तेव्हा माणसाजवळ मागं यायला पुरेल असं काहीतरी हवं.

आम्ही पहिल्या वेळी तळावर दीड दिवस बर्फ पाहिला आणि उतरलो. मानतलाईला दगडांखालची गोणी काढली, रात्री खिचडी झाली. नाराजी होती, पण कुणी घाईत नव्हतं आणि कुणी उपाशी नव्हतं. आमच्याबरोबरचा म्हातारा पोर्टर जेवता जेवता म्हणाला, साब, खिंड कुठं जात नाही. दोन वर्षांनी गेलो तेव्हा ती तिथंच होती. त्या वेळीही मी वहीत तेरा दिवसच धरले होते.