मोठे दिसणे आणि स्पष्ट दिसणे
परभणी जिल्ह्यातील झरीच्या काळ्या मातीतला कापूस, ज्याचा तंतू जेमतेम 15 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) रुंद, यंत्राच्या कॅमेऱ्याने न्याहाळायचा झाल्यास खालचे जोडभिंग, मधला झूमखंड आणि कॅमेऱ्याकडील नळी गरजेनुसार जुळवून केलेले झूम भिंग सोयीचे पडते. मात्र नळी दुप्पट शक्तीची बसवली की तपशीलही दुप्पट मिळतो हा समज, स्वाभाविक असला तरी, यथार्थ नव्हे. तलाठी दप्तरातील गावनकाशाची नक्कल दुप्पट मोठी काढल्याने रेषा जाड होतात, नवा बांध उमटत नाही. तपशिलाची मर्यादा ठरते ती वस्तूकडून येणारा प्रकाश भिंग किती रुंद कोनातून गोळा करते यावरून. आणि तो कोन रुंदावणारे जोडभिंग वस्तूच्या निकट आणावे लागते, जी अडचण कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या धुरळ्यात काही लहान नव्हे.