वृद्धांची स्मृति आणि आप्तांचा सहवास

वृद्धपणीं थोडाफार विसराळूपणा यावयाचाच. परंतु चष्मा कोठें ठेवला हें न आठवणें निराळें आणि चष्मा कशासाठीं असतो हेंच न उमगणें निराळें. या दुसऱ्या अवस्थेस स्मृतिभ्रंश म्हणतात. तो वार्धक्याचा अपरिहार्य धर्म नव्हे, मेंदूचा विकार आहे. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीनें भारतांतील साठीपुढील अशा रुग्णांची संख्या सुमारें ८८ लाख ठरविली. हा विकार समूळ नाहींसा करणारें औषध अद्यापि हातीं आलेलें नाहीं. म्हणूनच तो टाळतां किंवा लांबवितां येईल काय, या प्रश्नास महत्त्व आहे.

या प्रश्नाचा शोध स्वीडनमध्यें घेतला गेला. स्टॉकहोम शहराच्या कुंग्सहोल्मेन भागांत स्वतःच्या घरीं राहणाऱ्या, पंचाहत्तरी गांठलेल्या व बुद्धीनें शाबूत अशा १,२०३ व्यक्तींवर सुमारें तीन वर्षें लक्ष ठेवण्यांत आलें. त्यांपैकीं १७६ जणांस स्मृतिभ्रंश जडला. ज्यांचा गोतावळा तुटपुंजा, त्यांना हा धोका सुमारें ६० टक्क्यांनीं अधिक होता, असा निष्कर्ष २००० सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. त्यांतील एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. भेटीगांठी विरळ असल्या, तरी त्या समाधान देणाऱ्या असतील, तर धोका वाढलेला आढळला नाहीं.

असें कां व्हावें? संभाषण हा मेंदूचा व्यायामच होय. समोरच्याचें ऐकावयाचें, मागचें आठवावयाचें, उत्तर जुळवावयाचें, अशी अनेक कामें एकाच वेळीं चालतात. त्यांतून बुद्धीची जी गंगाजळी सांचते, ती विकाराच्या प्रारंभीं उपयोगीं पडते, असें तज्ज्ञ मानतात. शिवाय सोबतीच्या माणसांमुळें फिरणें घडतें, औषध वेळेवर घेतलें जातें आणि मन खचत नाहीं. बहिरेपणाचाही येथें संबंध येतो. ज्याला ऐकूं येत नाहीं, तो हळूहळू बैठकींतून उठून जातो. लॅन्सेटनेंच नेमलेल्या तज्ज्ञमंडळानें २०२४ सालीं टाळतां येण्याजोगीं १४ कारणें सांगितलीं. त्यांत एकाकीपणा व बहिरेपणा हीं दोन्हीं आहेत.

तथापि सहवास म्हणजे कांहीं ताईत नव्हे. भरल्या घरांतील माणसासही स्मृतिभ्रंश होतो. त्याचा दोष घरच्यांच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. कित्येकदां विकार सुप्तपणें सुरू झाल्यामुळेंच माणूस इतरांपासून दूर राहूं लागतो. म्हणून अशा वागण्याकडे 'स्वभाव बदलला' असें म्हणून दुर्लक्ष न करितां डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पुष्कळ घरांत आजोबांना चहा जागच्या जागीं मिळतो, आजींना भाजीची जुडीही निवडूं दिली जात नाहीं. यांत प्रेम असतें. परंतु सेवा म्हणजे सहवास नव्हे. घरखर्चाचा हिशेब, नातवाचा धडा, लग्नकार्याची मसलत यांत त्यांचें मत विचारलें जावें आणि तें शेवटपर्यंत ऐकलेंही जावें. यास पैसा लागत नाहीं. लागतो तो वेळ.